पहिली दुर्बीण घेताना: आधी जागा बघा, मग आकडे

दुर्बिणीच्या खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत ‘५२५ पट’ असं छापलेलं दिसलं, तर ते खोकं दुकानदाराला परत द्या. हा आकडा येतो कुठून, ते एकदा समजून घेतलं की पुढची बरीचशी फसवणूक टळते. अशा दुर्बिणीचं भिंग ६० मिलिमीटर व्यासाचं आणि ७०० मिमी नाभीय अंतराचं (भिंगापासून प्रतिमा जिथे जमते तिथवरचं अंतर) असतं. सोबत ४ मिमीचा आयपीस (डोळा लावायचं छोटं भिंग) आणि वर्धन तिप्पट करणारी ‘तीन पट बार्लो’ नावाची प्लॅस्टिकची नळी येते. ७०० भागिले ४ म्हणजे १७५, गुणिले ३ म्हणजे ५२५. गणित बरोबर आहे, उपयोग काही नाही. भिंग चांगलं आणि हवा स्थिर असेल, तर दुर्बीण आपल्या व्यासाच्या मिलिमीटरच्या साधारण दुप्पट वर्धन पेलते. म्हणजे ६० मिमीला १२० पट. त्यापुढे चंद्र मोठा होत जातो, पण एकही नवा तपशील दिसत नाही. दिसतो तो अंधूक, थरथरता गोळा. दोन रात्री असा गोळा बघितला की दुर्बीण माळ्यावर जाते आणि मुलांचा उत्साह तिच्याबरोबर जातो. म्हणूनच पहिली खरेदी नीट व्हायला हवी.

पहिली पायरी: कुठून बघणार ते ठरवा

बहुतेक जण आधी बजेट ठरवतात. त्याआधी ज्या जागेवरून दहापैकी आठ वेळा बघणार आहात, तिथे एका रात्री नुसते जाऊन उभे राहा.

फ्लॅटची गॅलरी असेल तर तिचं तोंड कुठे आहे ते बघा. महाराष्ट्राच्या अक्षांशावर चंद्र आणि ग्रह पूर्वेला उगवून डोक्यावरून किंवा दक्षिणेकडून पश्चिमेला जातात. दक्षिणेच्या गॅलरीला सगळ्यात जास्त मिळतं, पूर्व-पश्चिमेच्या गॅलरीला अर्धी रात्र मिळते, उत्तरेच्या गॅलरीतून ग्रहांची आशा धरू नका. गॅलरीत कठडा साधारण कंबरेच्या वर असतो, म्हणून बुटकी दुर्बीण तिथे निरुपयोगी ठरते. नळी कठड्याच्या वर यायला तिपाईच हवी. खिडकीच्या काचेतून बघायचा विचार सोडून द्या. ती काच साधी असते आणि तिच्यातून ५० पटीला प्रत्येक ताऱ्याची दोन-तीन भुतं दिसतात.

गच्ची मिळत असेल तर चावी कुणाकडे असते आणि लिफ्ट कितव्या मजल्यापर्यंत जाते, हे दोन प्रश्न दुर्बिणीच्या व्यासाइतकेच महत्त्वाचे आहेत. सोळा किलोची दुर्बीण शेवटचा जिना चढून नेणं आठवडाभर जमतं, वर्षभर जमत नाही. शिवाय दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उष्णता सोडत राहतो, त्यामुळे संध्याकाळी सातला गुरू उकळत्या पाण्यात असल्यासारखा दिसतो आणि दहानंतर तोच शांत होतो. एसीची बाहेरची युनिटं आणि शेजारचे पत्रे यांच्यावरून नजर जाणार नाही असा कोपरा निवडा.

गावाकडे अंगण असेल तर तुम्ही नशीबवान आहात. तिथे व्यास जितका परवडेल तितका घ्या.

दुसरी पायरी: दोन आकडे वाचायला शिका

दुर्बिणीवर ७०/७०० किंवा १३०/६५० असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा भिंगाचा किंवा आरशाचा व्यास, दुसरा नाभीय अंतर, दोन्ही मिलिमीटरमध्ये. प्रकाश गोळा होतो तो क्षेत्रफळावर, म्हणजे व्यासाच्या वर्गावर. म्हणून १३० मिमीचा आरसा ७० मिमीच्या भिंगाच्या जवळजवळ साडेतीन पट प्रकाश आणतो. दुसरा आकडा वर्धन ठरवतो: त्याला आयपीसच्या मिलिमीटरने भागा. ७०० मध्ये २५ मिमीचा आयपीस लावला तर २८ पट, १० मिमीचा लावला तर ७० पट.

मोठं नाभीय अंतर म्हणजे चांगली दुर्बीण, असं मात्र नाही. डोळ्यापुढे ५० अंशांचं दृश्य दाखवणाऱ्या साध्या आयपीसमधून २६ पटीला आकाशाचा जवळपास दोन अंशांचा तुकडा दिसतो आणि त्यात सगळ्या कृत्तिका मावतात. ४८ पटीला एकच अंश दिसतो, कृत्तिकांच्या कडा कापल्या जातात. नवख्याला आकाशात वस्तू सापडणंच अवघड जातं, तिथे रुंद दृष्टिक्षेत्र फार मोलाचं आहे.

तिसरी पायरी: स्टँड हलवून बघा

आमच्या मते स्वस्त दुर्बिणी भिंगामुळे जितक्या वाया जातात त्यापेक्षा जास्त स्टँडमुळे जातात. परीक्षा सोपी आहे. दूरच्या एखाद्या पाण्याच्या टाकीवर किंवा मोबाइल टॉवरवर ७० पटीच्या आसपास फोकस करा, नळीला बोटाने हलकी टिचकी मारा आणि प्रतिमा स्थिर व्हायला किती सेकंद लागतात ते मोजा. दोन-तीन सेकंद चालतील. पाचाच्या वर गेलं तर फोकसच्या चाकाला हात लावाल तेव्हा तेव्हा शनी नाचेल आणि फोकस झाला की नाही हेच कळणार नाही. तिपाई घरी आलेलीच असेल तर तिचे पाय पूर्ण लांब करू नका, खुर्चीवर बसून बघा, आणि मधल्या ताटलीखाली तीन-चार लिटर पाण्याच्या बाटल्यांची पिशवी बांधा. फरक लगेच दिसतो.

विषुववृत्तीय माउंट, म्हणजे वजनाचा दांडा बाहेर आलेलं यंत्र, फोटोत फार शास्त्रीय दिसतं. कमी बजेटमध्ये ते घेऊ नका. त्याचा अक्ष ध्रुव ताऱ्याकडे रोखावा लागतो आणि ध्रुव आपल्याकडे अक्षांशाइतकाच वर असतो: पुण्यात साडेअठरा अंश, नागपुरात एकवीस, पणजीत साडेपंधरा. हात लांब करून मूठ धरली तर ती दहा अंश व्यापते. म्हणजे दोन मुठींच्या आतबाहेरचा हा तारा शहरात समोरच्या इमारतीमागेच असतो. त्यातून अक्ष इतका खाली वाकवला की वजनाचा दांडा काही मॉडेलांत तिपाईच्या पायावर आपटतो. ही यंत्रं जास्त अक्षांशाचे देश डोळ्यांपुढे ठेवून घडवलेली असतात. वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरणारा साधा माउंट आपल्यासाठी बरा.

चौथी पायरी: या तिघांतून एक निवडा

गॅलरीतच बघायचं असेल, घरात लहान मूल असेल आणि हातात दहा हजारांच्या आसपास असतील, तर ७०/७०० ची भिंगाची दुर्बीण, साध्या माउंटवर. एका हातात उचलता येते, दोन मिनिटांत लागते, आतलं काही जुळवावं लागत नाही. चंद्राची विवरं, गुरूचे चार चंद्र आणि त्याचे दोन पट्टे, शनीची कडी, शुक्राच्या कला हे सगळं तिच्यात दिसतं. तेजस्वी वस्तूंना जांभळी कड येते. दोन भिंगांच्या साध्या जोडीचा तो गुणधर्म आहे, दोष समजून परत पाठवू नका. आकाशगंगांच्या बाबतीत ती लवकर थकते. खर्च थोडा वाढवता आला तर ९० किंवा १०२ मिमीची माक्सुटोव्ह, म्हणजे भिंग आणि आरसा दोन्ही असलेली दुर्बीण, गॅलरीसाठी जास्त चांगली. तिची नळी हातभरापेक्षा आखूड आणि ग्रह फार सुरेख दिसतात. मात्र ९०/१२५० सारख्या नळीचं दृष्टिक्षेत्र अरुंद असतं.

गच्ची किंवा अंगण असेल आणि वीस-तीस हजारांची तयारी असेल, तर १३०/६५० चा टेबलावर ठेवायचा डॉब्सोनियन घ्या. फिरत्या लाकडी पाटावर आरशाची नळी, एवढंच त्याचं यंत्र. सगळं मिळून साधारण सहा-सात किलो. स्टँडवर पैसा जात नाही, सगळा आरशात जातो. घेताना आरसा पॅराबोलिक असल्याचं स्पष्ट लिहिलं आहे का ते बघा. इतक्या आखूड नाभीय अंतराला गोलीय आरसा असेल तर ६० पटीच्या पुढे काहीच धारदार दिसत नाही. ‘टेबलावर’ म्हणजे प्लॅस्टिकच्या स्टुलावर नव्हे. गुडघ्याइतकं उंच, तीन पायांचं लाकडी स्टूल उत्तम. तीन पाय कुठल्याही फरशीवर डुगडुगत नाहीत. गच्चीच्या कठड्यावर तर कधीच ठेवू नका, खाली माणसं चालत असतात. काही मॉडेलांची नळी पुढून उघडी असते आणि शहरात बाजूच्या दिव्यांचा उजेड थेट आत शिरतो. स्टेशनरीच्या दुकानातला काळा फोम शीट गुंडाळून त्याचं आवरण करा. पन्नास-शंभर रुपयांचा हा शीट दुर्बिणीची खरी शक्ती बाहेर काढतो. त्याची कड आरशाच्या वाटेत येत नाही ना, एवढं तपासा.

तळमजला, अंगण किंवा गच्चीपर्यंत लिफ्ट असेल तर १५०/१२०० चा मोठा डॉब्सोनियन. पंधरा-सतरा किलो वजन, सव्वा मीटरच्या आसपास नळी, जमिनीवरच उभा राहतो. खर्च आधीच्या दुर्बिणीपेक्षा बराच वर जातो, पण ही दुर्बीण दहा वर्षं बदलावीशी वाटत नाही. १२० पटीला गुरू दीड-पावणेदोन मिनिटांत दृश्यातून सरकून जातो आणि हाताने ढकलत राहावं लागतं. आठवड्यात सवय होते.

आता टाळायच्या वस्तू. ६०/७०० चं सुटकेसमधलं खेळणं. विषुववृत्तीय माउंटवरचा ७६/७००. आणि सगळ्यात फसवी म्हणजे जेमतेम अर्ध्या मीटरची नळी असून जिच्यावर नाभीय अंतर १००० मिमी लिहिलेलं असतं ती आरशाची दुर्बीण. साध्या आरशाच्या दुर्बिणीची नळी तिच्या नाभीय अंतराइतकी लांब असते. नळी निम्मी असेल, तर फोकसरच्या (आयपीस बसवून पुढे-मागे करायच्या भागाच्या) नळीत आत एक जास्तीचं भिंग बसवून लांबी वाढवलेली असते. स्वस्तातलं ते भिंग प्रतिमा बिघडवतं आणि आरसे जुळवणं नवख्याच्या हाताबाहेर नेतं. ११४ आणि १२७ मिमीमध्ये हा प्रकार सर्रास मिळतो, तेव्हा दुकानात टेप लावून मोजाच. आपोआप तारे शोधणारी मोटरची दुर्बीणही या बजेटमध्ये नको. पैसा मोटरमध्ये जातो आणि व्यास लहान राहतो.

बजेट पाच हजारांच्या खाली असेल तर दुर्बीण घेऊच नका, १०×५० चा द्विनेत्री घ्या. आरामखुर्चीत टेकून त्याने बघितलेल्या कृत्तिका आणि धनू राशीतली आकाशगंगेची पट्टी कुठल्याही खेळण्यापेक्षा सरस दिसते.

पाचवी पायरी: पैसे देण्याआधी डोळा लावा

निवड कागदावर झाली तरी खरी दुर्बीण एकदा हाताळून बघा. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी निरीक्षकांना एकत्र आणते आहे. मुंबईच्या खगोल मंडळाचे वांगणीला रात्रभराचे कार्यक्रम होतात. पुण्यातली खगोलशास्त्राची संशोधन संस्था आयुका २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला लोकांसाठी खुली असते. अशा ठिकाणी एका रात्रीत तीन-चार प्रकारच्या दुर्बिणींतून तीच वस्तू बघता येते आणि वजनाचा अंदाज हाताला येतो.

पार्सल उघडल्यावर तपासायचं ते असं: आयपीसची नळी सव्वा इंची आहे का, कारण त्याहून बारीक ०.९६५ इंचीचे सुटे आयपीस बदलायला मिळत नाहीत. फोकसर पुढे-मागे नेताना डुलतो का. लाल ठिपक्याचा फाइंडर, म्हणजे नळीवरचं नेम धरायचं छोटं साधन, पेटतो का. आरशावर धुळीचे दोन-चार कण असणं ठीक, ओरखडे नकोत. जुनी घेत असाल तर अंधाऱ्या खोलीत भिंगावर तिरका टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे. ती वरच्या लेपात शिरली असेल तर पुसून जात नाही.

आयपीसबद्दल थोडं. सोबत आलेला २५ किंवा २० मिमीचा बहुधा चालतो, १० मिमीचा बऱ्याचदा कमअस्सल असतो, ४ मिमीचा बाजूला ठेवा. दोन-तीन महिन्यांनी एकच नवा घ्या: १३०/६५० साठी ६ मिमी, म्हणजे १०८ पट, ७०/७०० साठी ९ किंवा १० मिमीचा प्लॉसल प्रकारचा आयपीस. अंगावर सोनेरी पट्टी असलेले ६६ अंशांचे ६ आणि ९ मिमीचे आयपीस किमतीच्या मानाने खूप चांगले असतात.

सहावी पायरी: पहिल्या रात्री

फाइंडर दिवसा उजेडीच जुळवा. किलोमीटरभर लांबचं एखादं टोक २५ मिमीच्या आयपीसच्या मध्यभागी आणा आणि मग फाइंडरचे स्क्रू फिरवून त्याचा ठिपका त्याच टोकावर आणा. हे न करता रात्री आकाशाकडे नळी वळवणारा माणूस अर्धा तास काळोख बघतो आणि दुर्बीण बिघडली आहे असं समजतो. बहुतेक ‘काहीच दिसत नाही’ या तक्रारींमागे न जुळवलेला फाइंडर किंवा न काढलेलं झाकण असतं.

सूर्य मात्र जवळपासही नको. विनाफिल्टर दुर्बिणीतून सूर्य बघितला तर डोळा क्षणात कायमचा जातो. आयपीसवर बसवायचा ‘सन’ लिहिलेला छोटा गडद फिल्टर खोक्यात निघाला तर तो फोडून कचऱ्यात टाका. उष्णतेने तो तडकतो तेव्हा डोळा मागेच असतो. सूर्य बघायचा तर नळीच्या पुढच्या तोंडावर, वाऱ्याने उडणार नाही असा घट्ट बसणारा, बघण्यासाठीचा प्रमाणित सौर फिल्टरच हवा, आणि फाइंडर काढून ठेवलेला हवा. दुर्बीण उन्हात उघडी ठेवून कुणी पाणी प्यायलाही जाऊ नये, विशेषतः घरात मुलं असतील तर.

चंद्रासाठी पौर्णिमा निवडू नका. तेव्हा सावल्याच नसतात आणि सगळं सपाट, डोळे दिपवणारं दिसतं. शुद्ध चतुर्थी ते अष्टमी हे उत्तम दिवस. उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या कडा उजळलेल्या आणि तळ काळा, हे २८ पटीलाही बघत राहावंसं वाटतं. दुर्बीण बाहेर ठेवून वीस-तीस मिनिटं थंड होऊ द्या, आरशाच्या दुर्बिणीला तर हवीतच. नेहमी सगळ्यात मोठ्या मिलिमीटरच्या आयपीसने सुरुवात करा, वस्तू मध्यभागी आणा, मग लहान लावा.

हिवाळ्यात मृगाच्या तीन ताऱ्यांखालचा तेजोमेघ शोधा. त्याच्या पोटात ७० पटीला चार तारे चौकोनात बसलेले दिसतात. सप्तर्षीतला वसिष्ठ आणि त्याच्या शेजारची अरुंधती नुसत्या डोळ्यांनी दिसतात, पण ५० पटीला वसिष्ठ स्वतःच दोन तारे निघतो. हंसाच्या चोचीतला तारा सोनेरी आणि निळा असा जोडतारा आहे. मे महिन्याच्या अखेरीस रात्री साडेनऊच्या सुमारास दक्षिणेला चोवीस अंशांवर ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार तारकागुच्छ येतो, सगळ्या आकाशातला सर्वांत तेजस्वी. लंडनहून तो कधीच उगवत नाही, पुण्याहून दिसतो. दक्षिण क्षितिज मोकळं असेल तर तो चुकवू नका. अशा अंधूक वस्तूंसाठी अमावास्येच्या आसपासची रात्र आणि गावाबाहेरची जागा हवी. पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, विदर्भातल्या लोकांना ती मोठी सोय आहे. डोळ्यांना वीस मिनिटं अंधार द्या, मोबाइल खिशात ठेवा, आणि अंधूक वस्तूकडे थेट न बघता तिच्या किंचित बाजूला बघा.

शनी बघून निराश होऊ नका. मार्च २०२५ मध्ये त्याची कडी आपल्याकडे अगदी कडेने वळली होती, त्यामुळे पुढची काही वर्षं ती बारीक आहे. वर्षागणिक उघडत जाऊन २०३२ च्या सुमारास ती सगळ्यात रुंद दिसेल.

आरसा असेल तर: जुळवणी

आरशाच्या दुर्बिणीत प्रवासाने आरसे हलतात. तपासणीसाठी तेजस्वी तारा मोठ्या वर्धनाला मध्यभागी आणा आणि फोकस जरा बिघडवा. वलयं एकात एक, समकेंद्री दिसली तर हात लावू नका. एका बाजूला सरकलेली दिसली तर फोकसरच्या तोंडाला बसणाऱ्या झाकणाला बरोबर मध्ये २ मिमीचं भोक पाडा आणि त्यातून आत बघा. मोठ्या आरशाच्या मध्यावरचा ठिपका आणि त्या भोकाचं प्रतिबिंब एकावर एक येईपर्यंत मागचे तीन स्क्रू पाव-पाव फेऱ्याने फिरवा. एका वेळी एकच स्क्रू. सगळे एकदम फिरवणारा हमखास हरवतो. पुढच्या लहान आरशाला सुरुवातीचं वर्षभर हात न लावलेला बरा.

पावसाळ्यात

जून ते सप्टेंबर आकाश मिळत नाही आणि कोकण, गोव्याच्या दमट हवेत बुरशी दोन महिन्यांत धरते. दव पडलेली दुर्बीण तशीच झाकण लावून बंद करू नका. पंख्याखाली कोरडी होऊ द्या, मग झाकणं लावा. मोठ्या प्लॅस्टिक पिशवीत किंवा घट्ट डब्यात शंभर-दोनशे ग्रॅम निळ्या सिलिका जेलसह ठेवा. खडे गुलाबी झाले की मंद आचेवर तव्यात परतून पुन्हा निळे करा. तो तवा स्वयंपाकाला वापरू नका. डांबरगोळ्या ठेवू नका, त्यांची वाफ भिंगावर बसते. महिन्यातून एकदा उघडून टॉर्चने बघा. आरसा खूपच मळला तर तो कापडाने कधीही पुसू नये. नळाच्या पाण्याची हलकी धार सोडावी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब पाण्यात घालून कापसाच्या बोळ्याने, दाब न देता, ओढून घ्यावं, आणि शेवटी बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी ओतून आरसा उभा ठेवून सुकू द्यावा. ऑक्टोबरच्या पहिल्या स्वच्छ रात्री आधी जुळवणी तपासा, मग फाइंडर.